ट्रॅक्टरच्या संगणकाची फेरनोंद व तिची पडताळणी

ता. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस ‘ट्रेम ४’ हे धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांबरोबर इंजिनावर हुकमत चालविणारा लहानसा संगणक आपल्या शेतांत आला. कारागीर त्यास ईसीयू म्हणतात. कोणत्या क्षणीं, किती डिझेल, कोणत्या सिलिंडरांत सोडावयाचें हें तोच ठरवितो. कांहीं दोष निघाल्यास अगर कारखान्यानें सुधारणा केल्यास त्यांतील आज्ञावली पुसून नवी लिहितात. काम उरकतें, दिवा विझतो, आणि मालक बिल चुकवून यंत्र घरीं नेतो. आमचा आक्षेप या शेवटच्या पायरीस आहे.

तलाठ्यानें फेरफार लिहिला म्हणून नोंद पक्की होत नाहीं. नोटिसा बजावून, हरकतींची मुदत जाऊन, ती प्रमाणित व्हावी लागते. येथेंही तोच न्याय लावावा.

काम सुरू होण्यापूर्वीं जुन्या आज्ञावलीचा क्रमांक, दोषांचे संकेतांक व यंत्राचे तास बिलाच्या पाठीवर लिहवून घ्यावे. लेखन चालू असतां बॅटरीचा दाब पडूं नये म्हणून स्थिर वीज देणारा चार्जर जोडला आहे ना, हें स्वतः पाहावें. मध्येंच वीज तुटल्यास संगणक निकामी होण्याचा संभव असतो.

लेखनानंतर नवा क्रमांक वाचून कारखान्याच्या पत्रकाशीं, इंजिन व चासी क्रमांकांसह, ताडावा. पुष्कळ संगणक संपूर्ण मजकुरावरून एक पडताळा अंक काढतात. मजकुरांत अक्षराचा फरक पडला तरी तो बदलतो. मात्र अंक जुळला म्हणजे मजकूर धड उतरला इतकेंच ठरतें. तो आपल्याच यंत्राचा आहे, हें नव्हे. शेजाऱ्याचा सातबारा बिनचूक नकलला तरी जमीन शेजाऱ्याचीच! संगणकच बदलला असल्यास इंजेक्टरांवरील संकेतांक ज्या त्या सिलिंडरापुढें पुन्हां भरलेले पाहिजेत. अदलाबदल झाल्यास इंजिन अडखळतें व धूर वाढतो.

दोष पुसल्याबरोबर ‘दोष नाहीं’ असें दिसतें, त्यावर विसंबूं नये. कित्येक तपासण्या संगणक इंजिन तापल्यावरच करतो. म्हणून रोटाव्हेटर जोडून अर्धा तास खऱ्या ओझ्यावर यंत्र चालवावें, बंद करून पुन्हां चालू करावें, आणि मगच संकेतांक वाचावे. बिनओझ्याचे कमाल फेरे पुस्तिकेशीं जुळावे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली परीक्षेची वेळ ओळखून तेवढ्यापुरते विषारी वायु कमी करीत असे. ही लबाडी २०१५ सालीं उघडकीस आली, ती रस्त्यावर धांवत्या मोटारीचे वायु मोजल्यामुळेंच.

लॅपटॉप घेऊन ‘शक्ति वाढवून देतों’ म्हणणाऱ्यांस आम्ही तरी दारांत उभें करणार नाहीं. क्लच व गिअर मूळ शक्तीच्या हिशेबानें घडविलेले असतात, आणि कारखान्याची हमीही जाते. जुना ट्रॅक्टर घेतांना आज्ञावलीचा क्रमांक आधीं वाचवून घ्यावा. तो कारखान्याच्या पत्रकांत नसेल तर इसारा देऊं नये.