बातमीचा जाब कोणाला विचारायचा?

2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या पेपरांत शब्दन् शब्द सारखी छापून आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीस आणलं आणि ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीची, देशभर चर्चा झाली.

पेपराला जाब विचारता येतो. आपल्या गटाबद्दल खोटं छापून आलं, तर कात्रण जपून ठेवा. संपादकाला लेखी खुलासा पाठवा. नाव-पत्ता पेपरातच असतो. दाद मिळाली नाही, तर दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल दंड करत नाही, ताकीद देते.

व्हॉट्सॲपवरच्या निनावी बातमीला मात्र संपादकच नसतो. वादळाची, होड्यांची अशी बातमी आली, तर आधी तलाठ्यांना विचारा, मगच पुढे पाठवा.