साडेपाच गुंठ्यांचा ठिपका

लिस-३ या भारतीय उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा चौकोन. आपल्या हिशेबात जवळजवळ साडेपाच गुंठे. एवढ्या ठिपक्यात घर ओळखू येत नाही, बांध दिसत नाही, विहीर तर नाहीच. फोनवर स्वतःच्या घराचं छप्पर पाहणाऱ्याला हे चित्र धूसर वाटेल. तरीही देशातल्या जंगलांची, पिकांची, पडीक रानांची मोजदाद ज्या उपकरणांवर उभी राहिली, त्यांत मी याला मोठा मान देतो, तो त्याच्या सातत्यासाठी.

१९७० साली केरळात प्रा. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून रोगट नारळबागांची अवरक्त छायाचित्रं घेण्यात आली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथली. पुढे १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटने आयआरएस-१ए हा उपग्रह कक्षेत नेला. त्यावरच्या लिस-१ चा एक ठिपका सव्वा एकराहून मोठा होता. साडेपाच गुंठ्यांपर्यंत पोहोचायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी २८ डिसेंबरला आयआरएस-१सी उडाला आणि लिस-३ कामाला लागला.

अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात घडलेल्या या कॅमेऱ्याची रचना मला फार देखणी वाटते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या पहिल्या स्कॅनरमध्ये आरसा सतत हलत असे. लिसमध्ये हलणारा आरसाच नाही. भिंगामागे प्रकाशसंवेदकांची एक लांब ओळ असते. ती एका क्षणी जमिनीची १४१ किलोमीटर रुंदीची एकच पट्टी पाहते. उपग्रह पुढे सरकतो, पुढची पट्टी येते. मागावर एकेका आडव्या धाग्याने कापड वाढावं, तसं चित्र वाढत जातं. विणण्याचं काम उपग्रहाची गतीच करते.

प्रत्येक रंगपट्ट्याला वेगळं भिंग आहे. हिरवा, लाल, निकट-अवरक्त आणि लघुलहरी-अवरक्त असे चार पट्टे, निळा नाहीच. निळा प्रकाश हवेत फार विखुरतो आणि पिकांच्या कामात त्याचा उपयोगही कमी. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त जोरात परत फेकतं. या दोहोंतला फरक मोठा असेल तर पीक जोमात आहे असं समजायचं. चौथ्या पट्ट्यातून पानातल्या ओलाव्याचा अंदाज येतो, बर्फ आणि ढगही वेगळे ओळखता येतात. आयआरएस-१सीवर या चौथ्या पट्ट्याचा ठिपका ७०.५ मीटरचा होता. २००३ च्या रिसोर्ससॅट-१वर तोही साडेतेवीस मीटरवर आला.

त्यानंतर २०११ आणि २०१६ साली रिसोर्ससॅट-२ व २ए गेले. उपग्रह बदलले, पण लिस-३ चे पट्टे आणि, चौथा पट्टा वगळता, ठिपक्याचा आकार सुरुवातीपासून तोच राहिला. एखाद्या तालुक्याचं १९९६ चं चित्र २०१६ च्या चित्राशेजारी ठेवून धरणाचा फुगवटा किंवा शहराची वाढ मोजता येते, ती यामुळे. शेजारीच बसवलेला लिस-४ ५.८ मीटरपर्यंत पाहतो, तर आविफ्स हा कॅमेरा ७४० किलोमीटरचा पट्टा एकदम घेतो आणि दर पाच दिवसांनी परत येतो. लिस-३ ला मात्र त्याच जागी यायला २४ दिवस लागतात.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आपल्या वन अहवालासाठी लिस-३ चीच चित्रं वापरत आली. तिथे एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचं दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलं की ते वनाच्छादन धरतात. मालकी आणि झाडाची जात पाहत नाहीत. त्यामुळे काजू-आंब्याच्या बागाही त्या आकड्यात येतात. 'जंगल वाढलं' ही बातमी वाचताना हा नियम ठाऊक असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात मात्र लिस-३ हतबल होतो. त्याला सूर्यप्रकाश लागतो आणि ढगांपलीकडचं दिसत नाही. रब्बीचा गहू तो छान मोजतो; पण भाताची लावणी होते तेव्हा आभाळ भरलेलं असतं. तिथे रडारच हवं. २०१२ चा रिसॅट-१ स्वतः लहरी सोडून ढगांखालची जमीन वाचत असे, २०२२ चा ईओएस-०४ तेच करतो, आणि खरिपातल्या भाताच्या क्षेत्राचे अंदाज रडारच्या चित्रांवरून बांधले जातात.