लोकसंख्या शून्य, तरी गावाला मेयर: फ्रान्समधलं फ्लरी

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलो ते गाळलंय.

आजचं गाव फ्रान्सच्या ईशान्येला, म्यूझ जिल्ह्यात, व्हर्दं शहरापासून साधारण सहा-सात किलोमीटरवर. पूर्ण नाव फ्लरी-दव्हाँ-दुओमों, म्हणजे दुओमोंच्या समोरचं फ्लरी. आपण नुसतं फ्लरी म्हणू. लोकसंख्या शून्य. टायपो नाहीये, खरंच शून्य. आणि तरी सरकारदरबारी हे गाव जिवंत आहे.

आधी कम्यून म्हणजे काय ते बघू. फ्रान्समधलं सगळ्यात खालचं प्रशासकीय युनिट म्हणजे कम्यून. पॅरिस हे कम्यून आणि शंभर उंबऱ्यांचं खेडंही कम्यूनच. देशभरात अशी सुमारे ३५ हजार आहेत. कम्यूनचा प्रमुख मेयर, आपल्याकडचा सरपंच समजा.

पहिल्या महायुद्धाआधी फ्लरीत ४२२ माणसं राहायची. शेती आणि लाकूडकाम, एवढाच व्याप. गाव बुडालं ते त्याच्या जागेमुळे. १८७१ मध्ये फ्रान्स जर्मनीकडून हरला, सरहद्द व्हर्दंच्या जवळ आली, म्हणून फ्रान्सने शहराभोवती टेकड्यांवर किल्ल्यांचं कडं उभारलं. फ्लरी नेमकं दुओमों आणि सूव्हिल या दोन किल्ल्यांच्या मध्ये. दुओमों फेब्रुवारी १९१६ मध्येच पडला. आता फ्लरी घेतलं की पुढे सूव्हिल, आणि सूव्हिलच्या पलीकडे उतारावर थेट व्हर्दं!

२१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मन हल्ला सुरू झाला आणि गाव रिकामं करावं लागलं. २३ जूनला जर्मन फ्लरीत शिरले. तिथून ऑगस्टपर्यंत गाव १६ वेळा या हातातून त्या हातात गेलं. १८ ऑगस्टला फ्रेंचांनी ते कायमचं परत मिळवलं, पण मिळवलं तेव्हा तिथे घर असं काही उरलंच नव्हतं.

युद्ध संपल्यावर लोकांना परत यायचं असणारच. पण जमिनीत न फुटलेले तोफगोळे आणि माणसांचे अवशेष. सरकारने हा पट्टा ‘रेड झोन’ ठरवला, जमीन विकत घेतली आणि वर जंगल लावलं. व्हर्दंभोवती अशी नऊ गावं नष्ट झाली. ‘फ्रान्ससाठी मरण पावला’ हा सैनिकांसाठीचा शब्दप्रयोग या गावांनाही लावला गेला. त्यातल्या सहा गावांत आजही कोणी राहत नाही.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: बेचिराख. मूळ बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही ते. आपल्या महसुली कागदांतही वस्ती नसलेल्या गावाला हाच शब्द वापरतात. फ्रान्सने मात्र एक पाऊल पुढे जाऊन या सहाही गावांना कारभारी दिले. मतदारच नाहीत, मग निवडणूक कशी घेणार? म्हणून प्रिफेक्ट, म्हणजे तिथला कलेक्टर म्हणा, तीन जणांची समिती नेमतो. तिचा अध्यक्ष तोच मेयर.

माझ्यासारख्या कोडवाल्याला पहिल्यांदा वाटतं, ज्या अकाउंटला एकही युजर नाही ते डिलीट का करत नाहीत? पण इथे लोक स्वतःहून सोडून गेले नव्हते, त्यांना परतायची वाटच ठेवली नव्हती. जमीन घेतलीत, निदान नाव तरी राहू द्या. हा खर्च मला वायफळ वाटत नाही.

आज तिथे झाडांमधून पायवाट जाते. दोन्ही बाजूंना गोळ्यांचे खड्डे, आता गवताने भरलेले. इथे बेकरी होती, इथे लोहाराची भट्टी, असं सांगणाऱ्या खुणा रोवल्यात. चर्चच्या जागी १९३४ मध्ये छोटं चॅपल बांधलं. रेल्वे स्टेशन होतं तिथे १९६७ पासून युद्धाचं संग्रहालय आहे.

मे २०१३ मध्ये फ्लरीत २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. सात जणांची ओळख पटली, जवळपास शंभर वर्षांनी. तेव्हा कधी गेलात तर आखलेली वाट सोडू नका, आणि मातीतून वर आलेल्या लोखंडाला हात अजिबात लावू नका.