शाकाहार : वारसा कीं निश्चय?

गेल्या चातुर्मासांत नातवानें विचारलें, "आजोबा, आपण मांस कां खात नाहीं?" मीं म्हटलें, "आपल्या घरांत खात नाहींत म्हणून." तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही कधीं ठरवलेंच नाहीं!" ३५ वर्षें उत्तरपत्रिका तपासणारा मी त्या दिवशीं अनुत्तीर्ण झालों.

मग महात्मा गांधींची हकीकत आठवली. १८८८ सालीं विलायतेस जातांना मातोश्रींस दिलेल्या वचनामुळें ते मांसापासून दूर राहिले. परंतु देशबांधवांनीं मांस खावें, असेंच त्यांचें मत होतें. पुढें लंडनच्या फॅरिंग्डन रस्त्यावरील शाकाहारी उपाहारगृहांत त्यांनीं हेन्री सॉल्ट यांचें पुस्तक विकत घेतलें, आद्योपांत वाचलें, आणि वचनाचें बंधन स्वेच्छेचें व्रत झालें. १९३१ सालीं तेथील शाकाहारी मंडळापुढें त्यांनीं सांगितलें कीं, केवळ प्रकृतीसाठीं धरलेला शाकाहार टिकत नाहीं. त्यास नीतीचें अधिष्ठान हवें. सॉल्ट त्या सभेस उपस्थित होते.

जन्मानें लाभलेल्या आहाराचा अभिमान कसला? मांस खाणाऱ्या शेजाऱ्याहून मी त्यामुळें श्रेष्ठ ठरत नाहीं. परंतु लहानपणीं आमच्या गोठ्यांतील वासरूं माझ्या हातून चारा खाई, आणि माझी चाहूल लागतांच हंबरे. वरण, भात, भाकरी यांवर पोट भरत असतां जिव्हासुखासाठीं अशा जिवाचा प्राण घेणें मला नको. हें माझें कारण.

नातवास तें सांगून मीं म्हटलें, "मोठा झालास कीं तूंही विचार करून ठरव." सूनबाई चपापली. पण पाठ करून घेतलेलें उत्तर त्याचें स्वतःचें कसें होणार?