रंगाची अट

अंगणवाडीत बाळाच्या दंडाभोवती गुंडाळतात ती पट्टी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यावर लाल, पिवळा व हिरवा असे तीन रंग असतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर लाल, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान भरला तर पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. आकडा वाचता न येणाऱ्या बाईलाही या पट्टीवरून मुलाची स्थिती कळते. जामखेडकरांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि खेड्यांतील निरक्षर स्त्रियांनाही शिकवून आरोग्यसेविका केले. ज्ञान सोपे करून हाती दिले म्हणजे काय घडते, हे या तालुक्याने पाहिले आहे.

हीच पट्टी संगणकातल्या तक्त्यावर चढविता येते. तिला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. आम्ही 'सशर्त रंग' म्हणू. तक्त्यातील आकड्यांची घरे निवडावयाची, अट घालावयाची, आणि ती पुरी झाल्यास कोणता रंग द्यावयाचा ते सांगावयाचे. पुढे आकडा बदलला की रंगही आपोआप बदलतो. दोनशे मुलांच्या यादीत लाल घरे क्षणात दिसतात. एक्सेल ९७ मध्ये ही सोय आली तेव्हा एका घराला तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीत ती मर्यादा गेली आणि तयार रंगछटाही आल्या.

या तयार छटांपाशीच सावध राहिले पाहिजे. समजा, चार मुलांचे दंडघेर १०.८, ११.२, ११.४ आणि १२.१ आहेत. तयार छटा दिली तर सर्वांत मोठा आकडा हिरवागार होतो आणि सर्वांत लहान लाल, कारण ती छटा यादीतल्या आकड्यांची आपसांत तुलना करते. पट्टी लावली तर मात्र यांतले एकही मूल हिरव्यात येत नाही. तिघे लाल आणि एक पिवळे. शेजारचे मूल अधिक रोडावलेले आहे, एवढ्यावरून हे मूल धडधाकट कसे ठरेल? म्हणून जेथे कसोटी ठरलेली आहे, तेथे ११.५ आणि १२.५ हे आकडे आपणच अटीत लिहावेत.

आणखी दोन फसवणुकी आम्ही सांगून ठेवतो. मूल त्या दिवशी आले नाही म्हणून घर रिकामे राहिले, तर '११.५ हून कमी' या सूत्राला ते शून्य वाटते आणि घर लाल होते. मग आजारी मुले व गैरहजर मुले एकाच रंगात मिसळतात. यासाठी रिकाम्या घराला करडा रंग देणारी अट सर्वांच्या वर ठेवावी आणि तिथेच थांबण्याची खूण करावी. दुसरी फसवणूक याहून वाईट. कोणी '११.२ सेंमी' असे एककासह लिहिले, तर संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो. आणि एक्सेलच्या तुलनेत मजकूर हा कोणत्याही आकड्याहून मोठा ठरतो. परिणामी ते लाल मूल हिरवे दिसते, आणि हिरव्या घराकडे पुन्हा कोणी पाहत नाही. एकक फक्त रकान्याच्या मथळ्यात लिहावे, घरात निव्वळ आकडा ठेवावा.

रंगामुळे काम हलके होते, हे खरे. परंतु कोणाकडे आधी धावावयाचे, हे त्या रंगामागची अट ठरविते, आणि अट लिहिणारा माणूस असतो. म्हणून रंगीत तक्ता समोर आला, मग तो मुलांच्या वजनाचा असो, पावसाचा असो वा पंचायतीच्या खर्चाचा, तर श्रोत्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : येथे लाल कशाला म्हटले आहे?