कासवांच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करावा

अंजनगाव सुर्जीच्या माणसाला जंगल नवं नाही. उत्तरेला शहानूर, त्यापलीकडे मेळघाट. कोलकास-सेमाडोहला राहायची सोय कशी करायची, सफारी किती वाजता सुटते, हे प्रत्येक घरात कुणाला तरी ठाऊक असतं. समुद्रकाठचं वन्यजीवन मात्र वेगळ्या रीतीनं चालतं. तिथे गेट नाही, जिप्सी नाही, तिकीट फाडणारा वनरक्षक नाही. कासव, डॉल्फिन, खाडीतले पक्षी हे सगळे भरती-ओहोटी, वारा आणि उजेड यांच्या वेळेनं वागतात. त्या वेळेला तुम्ही चालत पोचण्याइतके जवळ असाल, तर दिसतात. म्हणून तिथे मुक्कामाची जागा निवडणं हेच अर्धं काम आहे.

आपल्याकडची कुटुंबं कोकणात जातात ती बहुधा गणपतीपुळे, मालवण, गोवा अशी धावत. रोज नवं गाव, रोज सामान बांधणं. विश्रांती हवी असेल आणि प्राणीही पाहायचे असतील तर हा बेत सोडून द्यावा. आधी काय पाहायचं ते ठरवावं, त्यावरून महिना, महिन्यावरून गाव आणि मग घर.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं कासवं निवडावीत असं माझं स्पष्ट मत आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. नाना फडणविसांचं गाव म्हणून ते आधी माहीत होतं. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीच्या पायांच्या खुणा शोधतात, घरट्यातली शंभराच्या आसपास अंडी अलगद काढतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात. शेजारी तारखेची पाटी लागते. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरटी तपासतात, पिल्लं निघाली असतील तर ती वाळूवर सोडतात आणि पाहुणे दोरीमागे उभे राहून पाहतात. पिल्लू आणून लाटेत टाकत नाहीत. वाळूवरचं ते अंतर त्यानं स्वतः चालायचं असतं.

एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. म्हणून एका रात्रीचा मुक्काम ही सर्वांत मोठी चूक. तीन रात्री राहिलात तर पाच-सहा वेळा संधी मिळते, आणि मधला वेळ खरोखर आरामात जातो.

आता घर. वेळासमध्ये गावकऱ्यांच्या घरीच राहायचं असतं. ओसरीत किंवा माजघरात गाद्या, बऱ्याच घरांत सामाईक संडास-न्हाणी, पंगतीला बसून जेवण. आजी-आजोबा बरोबर असतील तर फोनवर थेट विचारावं: कमोड आहे का, पायऱ्या किती, किनारा चालत किती मिनिटांवर आहे, गाडी कुठपर्यंत जाते. बऱ्याच घरांत जेवण शाकाहारी असतं. मासे हवे असतील तर आधी विचारलेलं बरं. आपल्या तिखटाच्या सवयीला तिथलं नारळाचं वाटण गोड लागेल, तेव्हा ठेच्याची डबी बरोबर असू द्यावी. पण घरचा मऊ भात, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी नाकारून तिथे पनीर मागू नये. या मुक्कामाचे पैसे थेट त्या घरात जातात. घरट्यातल्या अंड्यांपेक्षा जिवंत पिल्लांतून गावाला जास्त मिळतं, म्हणून गाव ती राखतं. पर्यटक म्हणून आपला त्यातला वाटा एवढाच, आणि तो छोटा नाही.

मग समुद्रालगतच्या चकचकीत हॉटेलचं काय? खोलीतून समुद्र दिसावा असं प्रत्येकाला वाटतं. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू रात्री उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतं. पाण्यावरचा उजेड त्याला समुद्र दाखवतो. गच्चीवरचे दिवे, बागेतले फोकस, मोटारीचे हेडलाइट त्याहून तेजस्वी असले की ते उलट दिशेला, जमिनीकडे वळतं आणि सकाळ झाली की उन्हानं किंवा कावळ्यांमुळे मरतं. अंडी घालायला आलेली मादीही उजेड-गोंगाट पाहून परत फिरते. म्हणून सुरूच्या किंवा केवड्याच्या रांगेमागे, वाडीत असलेलं घर निवडावं. तिथून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. शिवाय किनारा नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा सर्वसाधारणपणे नव्या पक्क्या बांधकामाला बंद आहे. ऐन वाळूला टेकलेली नवीकोरी इमारत दिसली तर परवानगीबद्दल विचारायला लाजू नये.

वाडीत राहण्याचा आणखी एक आनंद अंजनगावच्या माणसालाच कळेल. आपल्याकडे पानवेल शेवरी-शेवग्याच्या आधारानं चढते. तिथे ती सुपारीच्या उंच खोडावर गेलेली दिसते. पानमळेवाल्यांना यजमानाशी बोलायला दुसरा विषय शोधावा लागत नाही.

खोली घेताना वऱ्हाडी माणूस हमखास कुलर विचारतो. तिथे कुलरचा उपयोग नाही. कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि ते आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जमतं. कोकणातली हवा आधीच बाष्पानं भरलेली. पाणी उडतच नाही, उलट चिकचिक वाढते. पारा आपल्यापेक्षा दहा अंशांनी कमी असूनही घाम जास्त येतो तो त्यामुळेच. तिथे पाहायचं ते हे: समोरासमोर खिडक्या, वर पंखा, जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे दुपारकडे वारा समुद्रावरून आत येतो. पश्चिमेची खिडकी उघडणारी असेल तर दुपारची झोप निवांत होते. तिला जाळी आहे का हेही विचारा. वाडीत डास असतात.

हाच वारा डॉल्फिन बघायची वेळ ठरवतो. सकाळी समुद्र शांत असतो, पाण्याबाहेर आलेली पाठ लांबून दिसते; दुपारी लाटांवर फेस आला की काही कळत नाही आणि बोटीत पोटही ढवळतं. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यातच राहतात, म्हणून लांब जावं लागत नाही. दापोली तालुक्यात हर्णै-मुरूड-कर्दे आणि सिंधुदुर्गात तारकर्लीहून बोटी सुटतात. मुक्काम बंदरापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर सकाळची वेळ हमखास चुकते. लाइफ जॅकेट नसलेल्या आणि डॉल्फिनांचा पाठलाग करणाऱ्या बोटीत बसू नये.

पक्षी पाहायचे असतील तर खाडीकाठचं गाव घ्यावं आणि कालनिर्णय जवळ ठेवावं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे सुमारे तीनला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, बगळे चरायला उतरतात. म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या आसपास न्याहारीनंतर चालत जाऊन सगळं दिसतं. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भरदुपारी. त्या दिवशी पक्ष्यांचा नाद सोडून झोपाळ्यावर पडून राहावं. हिशेब ढोबळ आहे, पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या कोळ्याला विचारावंच.

या सगळ्यातून गाव कोणतं? फक्त कासवं आणि शांतता हवी तर वेळास. थोडी सोय, स्वतंत्र खोली, खाडी, कासवं आणि जवळ हर्णै बंदर हवं तर आंजर्लं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबाला मी हेच सुचवीन. गुहागरला किनारा लांब आणि गाव मोठं, सगळं हाताशी; 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तारकर्ली-वेंगुर्ल्याकडे डॉल्फिन आणि कांदळवन उत्तम. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. पण ते आपल्यापासून फार दूर, तो बेत दुसऱ्या वर्षी. नकाशावर दोन गावं शेजारी दिसली तरी मध्ये खाडी असते हे विसरू नये. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे इथे गाडी चढवून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. त्या चुकल्या तर मोठा वळसा पडतो.

शेवटी तारीख. वैशाखातल्या सुट्टीत गेलात तर कासवांचा हंगाम बहुतेक संपलेला असतो. मार्च हा भरवशाचा महिना. शिमग्याच्या दिवसांत पालखी घरोघर फिरते आणि यजमान त्यात गुंतलेले असतात, म्हणून ते दिवस विचारूनच घ्यावेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते. एवढ्या लांबून जाणाऱ्यानं सोमवार ते गुरुवार राहावं. अकोला किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं कल्याण, पुढे पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं खेडला उतरून दापोली-आंजर्लं, किंवा माणगावला उतरून मंडणगडमार्गे वेळास. घरून निघाल्यापासून सुमारे चोवीस तास धरावेत.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि कासवाचं अंडं फुटायलाही 45 ते 60 दिवस लागतात. तेव्हा जानेवारीच्या मध्यावर गावात फोन लावा, कोणत्या तारखांना घरटी सापडली ते विचारा, त्यात पन्नास-पंचावन्न दिवस मिळवा आणि त्याच दिवशी तिकीट काढा.