शब्दांचं गाठोडं : चाळणीतून निसटलेला ‘गार्बल’

भाषांतराच्या वर्गात मी एकदा निर्यातीच्या मालाची यादी मराठीत करायला दिली होती. त्यात एक ओळ होती, ‘मलबार गार्बल्ड ब्लॅक पेपर’. एका विद्यार्थिनीने इमानेइतबारे शब्दकोश उघडला आणि लिहिलं, ‘मलबारची विपर्यस्त काळी मिरी’. वर्ग खो खो हसला. पण शब्दकोशात तिला तोच अर्थ सापडला होता, त्यात तिची काय चूक?

मिरीच्या व्यापारात ‘गार्बल्ड’ म्हणजे साफ केलेली. देठ, काड्या, माती, पोचट दाणे काढून टाकलेली मिरी. ‘टेलिचेरी गार्बल्ड’, ‘मलबार गार्बल्ड’ या आपल्याकडच्या प्रती आजही याच नावांनी विकल्या जातात. न निवडलेली ती ‘अनगार्बल्ड’.

या क्रियापदाचं मूळ अरबीत आहे. ‘गिरबाल’ म्हणजे चाळणी. भूमध्य समुद्रावरच्या मसाल्याच्या व्यापारातून, इटालियनमार्गे, हा शब्द इंग्रजीत पोचला. लंडनमध्ये तर ‘मसाल्यांचा गार्बलर’ नावाचा अधिकारीच असे. कोणत्याही दुकानात, वखारीत शिरून माल तपासायचा, चाळायचा, कचरा बाजूला काढायचा हा त्याचा अधिकार.

मग चाळणाऱ्याची नियत फिरली म्हणायची! 17व्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद कागदपत्रांना लागू झालं: सोयीचं तेवढं ठेवायचं, अडचणीचं गाळायचं. समजा, समीक्षकाने लिहिलं, ‘नेपथ्य अप्रतिम, नाटक मात्र दुसऱ्या अंकात झोपतं.’ जाहिरातीत छापून येतं, ‘अप्रतिम!’ शब्द समीक्षकाचाच, त्याला कुणी हातही लावलेला नाही. आपल्या ‘ध’चा ‘मा’ करण्याच्या आख्यायिकेत निदान अक्षर तरी बदलतं. जुन्या अर्थाच्या ‘गार्बल’ला तेवढीही तसदी नको, आणि म्हणूनच तो पकडायला अवघड. माझ्या मते ‘विपर्यास’ इथे नेमका बसतो.

आज मात्र हा कावेबाजपणा बराच विरला आहे. फोनची रेंज जाऊन आवाज तुटक आला, फलाटावरच्या भोंग्यातून नुसता घरघराट ऐकू आला, तरी इंग्रजीत तो निरोप ‘गार्बल्ड’च. इथे ‘विपर्यस्त निरोप’ लिहिलंत, तर बिचाऱ्या भोंग्यावर कटाचा आरोप होईल. ‘निरोप नीट कळला नाही’, एवढं साधं मराठी पुरे. ‘गार्बल्ड अकाउंट’ आलं, की सांगणाऱ्याने मुद्दाम घोळ घातला की त्याचाच घोळ झाला, हे मागचापुढचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं.

गंमत ‘अनगार्बल्ड’ची. सत्याला हे विशेषण लागलं की ते अस्सल, पदरचं काही न घातलेलं ठरतं. मिरीला लागलं की पोत्याचा भाव उतरतो.